‘लॅबिरिन्थॉस’ : एक शब्द आणि क्नॉसॉसचे अवशेष

क्रीट बेटावरील क्नॉसॉस येथील अवशेष आणि मिनोस राजाची कथा यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की, ती कोणी व कोणत्या आधारावर घातली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कथा सर्वश्रुत आहे. डीडलस नामक शिल्पज्ञाने बांधलेल्या ‘लॅबिरिन्थॉस’ या दुर्गम वास्तूत मिनोसने अर्धा मानव व अर्धा बैल असा मिनोटॉर कोंडून ठेवला होता. अथेन्सहून आलेल्या थीसिअसने त्यास ठार केले आणि राजकन्या अरिआड्नी हिने दिलेल्या सुताच्या आधारे तो बाहेर पडला.

इ. स. १९०० मध्ये आर्थर एव्हान्स यांनी येथे पद्धतशीर उत्खनन आरंभिले. वळणावळणाचे मार्ग, असंख्य दालने, बैलावरून झेप घेणाऱ्या तरुणांचे भित्तिचित्र, दगडांवर कोरलेली दुपाती परशूची चिन्हे, हे सर्व पाहून मिनोसचा लॅबिरिन्थॉस तो हाच, असे त्यांस वाटले. परशूस लिडियन भाषेत ‘लाब्रुस’ म्हणत असे प्लुटार्कने नोंदविले आहे. त्यावरून लॅबिरिन्थॉस म्हणजे ‘परशुगृह’ ही व्युत्पत्ती पुढे आली व एव्हान्स यांनी ती उचलून धरली. व्युत्पत्ती मोहक आहे. परंतु ती क्रीटच्या नव्हे, आशिया मायनरच्या शब्दावर उभी आहे. खुद्द ग्रीकांचा परशूसाठी नित्याचा शब्द ‘पेलेकुस’ हा आहे. तो आपल्या ‘परशु’चाच आप्त होय.

याच उत्खननात मातीच्या लेखांकित पाट्याही सापडल्या. राजवाडा आगीत भाजून निघाला म्हणूनच त्या टिकल्या. त्यांतील बहुसंख्य पाट्यांच्या ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ साली केला आणि भाषा ग्रीक निघाली. पाट्यांवर कथा नाहीत, हिशेब आहेत. मिनोटॉर नाही, मिनोस नावाचा राजाही नाही. मात्र एका लहानशा पाटीवर दोन ओळी आहेत : ‘सर्व देवांस, मध, एक कुंभ’, आणि खाली, ‘द-पु-रि-तो-यो पो-ति-नि-य’ हिला, मध, एक कुंभ.

या दोन शब्दांशी थोडे थांबणे अवश्य आहे. ‘पोतनिया’ म्हणजे स्वामिनी. संस्कृत ‘पत्नी’ याच शब्दाचे हे ग्रीक भावंड. पहिल्या शब्दाच्या अंती असलेला ‘-यो’ हा षष्ठीचा प्रत्यय. ‘रामस्य’ यातील ‘-स्य’शी त्याचे नाते आहे. ही लिपी व्यंजनापूर्वीचा अनुनासिक लिहीत नाही, हे ध्यानी घेता उरलेला शब्द ‘दबुरिन्थॉस’ असा काहीसा होतो. म्हणजे ही ‘लॅबिरिन्थॉसची स्वामिनी’. प्रत्यय ग्रीक, स्वामिनी ग्रीक; मूळ शब्द मात्र ग्रीक नव्हे. ‘-न्थॉस’ हा अंत कोरिन्थॉस, झाकिन्थॉस या स्थलनामांत दिसतो, तसाच ‘असामिन्थॉस’ (स्नानपात्र) यासारख्या सामान्यनामांतही. ग्रीक तेथे येण्यापूर्वीच्या भाषेचा हा गाळ होय. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत गेलेल्या सहा मिनोअन स्थळांपैकी झोमिन्थॉस हेही त्याच घडणीचे नाव.

एक अडचण राहते. ग्रीकात ‘ल’, पाटीवर ‘द’. र आणि ल यांस या लिपीत एकच चिन्हमाला आहे. द ची मात्र वेगळी आहे, तेव्हा लेखनिकाची चूक म्हणून सुटका नाही. मूळ भाषेत या दोहोंमधला एखादा ध्वनी असावा आणि परक्या कानांनी तो दोन प्रकारे टिपला असावा, असे अनुमान केले जाते. गुड–गूळ, षोडश–सोळा, तडाग–तळे ही परंपरा परिचित असलेल्या मराठी वाचकास ते अस्वाभाविक वाटू नये. अर्थात हे साम्य आहे, पुरावा नव्हे. पण ‘लाब्रुस’ची व्युत्पत्ती यामुळे अधिकच डळमळते.

मग लॅबिरिन्थॉस म्हणजे काय? होमरमध्ये हा शब्दच नाही. डीडलसने क्नॉसॉस येथे अरिआड्नीसाठी केलेल्या नृत्यस्थळाचा उल्लेख तेवढा आहे. हिरॉडोटसने तो योजिला तो इजिप्तमधील एका वास्तूस. ग्रीसमधील पायलॉस येथे, इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराच्या एका हिशेबाच्या पाटीमागे कोणा लेखनिकाने लॅबिरिन्थॉसची चौकोनी आकृती ओरखडून ठेवली आहे. तिच्यात वाट एकच आहे, फाटे नाहीत. सुताची गरज पडू नये अशी!

क्नॉसॉसच्याच दुसऱ्या एका पाटीवर अम्निसॉस येथील एलेउथिया देवीस असाच एक कुंभ मध दिल्याची नोंद आहे. ओडिसीत याच देवीच्या अम्निसॉस येथील गुहेचा उल्लेख येतो, आणि तेथे जवळच पूजेचे अवशेष असलेली गुहा सापडलीही आहे. मधाचा दुसरा कुंभ जिला गेला, त्या स्वामिनीचे स्थान राजवाडा होता, नृत्यांगण होते की अशीच एखादी गुहा, हे पाटीवर लिहिलेले नाही.