आउटबोर्ड इंजिनाची ट्रिम टॅब व नावेचे वळण

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नृसिंहाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले पोखर्णी लागते. त्याच मार्गाने पुढे संत जनाबाईंचे गंगाखेड व गोदावरीचे पात्र येते. एरवी संथ असणारी ही नदी पैठणच्या जायकवाडी धरणातील विसर्ग वाढला म्हणजे काठ सोडते. २००६ सालच्या पावसाळ्यात गोदावरीकाठच्या मराठवाड्याने त्याचा कठोर अनुभव घेतला. अशा वेळी सुटकेसाठी ज्या रबरी नावा पाण्यात उतरतात, त्यांना वेगळे सुकाणू नसते. पिछाडीस टांगलेले आउटबोर्ड इंजिनच नाव पुढे रेटते व तेच तिला वळविते. म्हणून त्या इंजिनाची एका बाजूस ओढ घेण्याची प्रवृत्ती समजून घेणे अगत्याचे आहे.

ही ओढ नदीच्या प्रवाहामुळे किंवा नावाड्याच्या अकौशल्यामुळेच उत्पन्न होते, असा समज आढळतो. वस्तुतः तिचे मूळ पंख्याच्या पात्यांवरील विषम भारात आहे. बहुतेक एकेरी इंजिनांचे पंखे, मागून पाहिले असता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. खालची पाती या वेळी उजवीकडून डावीकडे जातात. ती खोल व अक्षुब्ध पाण्यात असतात. वरची पाती मात्र पृष्ठभागाजवळच्या, हवा मिसळलेल्या पाण्यात फिरतात. परिणामी खालच्या पात्यांवरील पाण्याची प्रतिक्रिया अधिक ठरते व पंखा उजवीकडे ढकलला जातो. पंखा इंजिनाच्या वळणाच्या आसामागे असल्यामुळे इंजिनाचा तळ उजवीकडे झुकतो आणि नावेची नाळ उजवीकडे वळू लागते.

दुसरे कारण इंजिनाच्या कलात आहे. इंजिनाचा तळ पिछाडीपासून दूर कलविला म्हणजे पंख्याच्या दांड्याचे मागचे टोक उचलले जाते. पंख्याच्या सापेक्ष पाण्याला किंचित खालच्या दिशेची गती प्राप्त होते. डाव्या बाजूस वर चढणारी पाती त्या गतीस सामोरी जातात व अधिक भार वाहतात. एकूण रेटा डावीकडे सरकतो व ओढही डावीकडे जाते. तळ आत ओढला असता परिणाम उलट, म्हणजे उजवीकडे होतो.

या परिबलास तोंड देण्यासाठी पुष्कळ इंजिनांवर पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याखाली, पंख्याच्या मागे एक लहान उभी पट्टी बसविलेली असते. तिलाच ट्रिम टॅब म्हणतात. नाव उजवीकडे ओढत असेल, तर पट्टीची मागची कड उजवीकडेच वळवावी लागते. नियम विपरीत वाटला तरी त्याची उपपत्ती सरळ आहे. अशी वळविलेली पट्टी पाणी उजवीकडे लोटते. त्याची प्रतिक्रिया पट्टीला डावीकडे ढकलते. पट्टीही आसामागे असल्याने इंजिनाच्या तळावर डावीकडे वळविणारे परिबल निर्माण होते व मूळचे परिबल निष्प्रभ होते.

तथापि या उपायाला मर्यादा आहेत. पट्टीवरील बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला तर बल सुमारे चौपट होते. पंख्याची ओढ मात्र इंजिनाचे फेरे, कल व खोली यांवर अवलंबून असते. यास्तव दोहोंचा समतोल एका विशिष्ट वेगास व कलासच साधतो. इंजिन उंच बसविल्यामुळे पट्टी पाण्याबाहेर आली, तर ती निरुपयोगी ठरते. सुटका झालेली माणसे नावेत चढली म्हणजे पिछाडी खोल बसते व पंख्याची पाण्यातील स्थितीही पालटते. रिकाम्या नावेवर केलेली जुळवणी मग उपयोगी पडत नाही. म्हणून नेहमीचा भार ठेवून, शांत पाण्यात, नेहमीच्या वेगाने सरळ जात परीक्षा घ्यावी. वळण कोणत्या बाजूस सोपे पडते ते पाहावे. इंजिन पूर्ण थांबवून पट्टीची मागची कड त्या बाजूस थोडीशी सरकवावी व पुन्हा पडताळा घ्यावा.

ही पट्टी पुष्कळदा दुहेरी काम करते. स्वतः झिजून ती इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे क्षरण रोखते. म्हणून तिला रंग देऊ नये. समुद्रात जस्ताची पट्टी चालते; गोदावरीसारख्या गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निष्क्रिय होते, म्हणून तेथे मॅग्नेशियम अधिक योग्य. पट्टी झिजली की तिचे क्षेत्रफळ घटते आणि ओढ परत येते. नवी पट्टी बसविताना कोनही नव्याने ठरवावा लागतो.

या ओढीचे सर्वांत गंभीर रूप दांडा हातातून सुटताच दिसते. इंजिन एकाएकी एका बाजूस वळते, नाव अकस्मात गिरकी घेते व चालक पाण्यात फेकला जाऊ शकतो. रिकामी नाव मग त्याच्याच भोवती घिरट्या घालते आणि फिरत्या पंख्याची पाती त्याच्यावर येतात. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी चालकाच्या अंगाशी बांधलेली असावी, हा नियम याचसाठी आहे. जुळविलेली ट्रिम टॅब हाताचा ताण हलका करते. दोरीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.