घसारा आणि ख्याती

वाणिज्य शाखेत आम्ही मोटारीचा घसारा शिकतो. आयकराच्या हिशेबात तो सामान्यतः दरसाल १५ टक्के, ऱ्हासमान शेष पद्धतीने. म्हणजे लाखाची गाडी दहा वर्षांनी सुमारे २० हजारांवर येते. मग संग्राहक जुन्या स्पोर्ट्‌स कारला नव्यापेक्षा जास्त किंमत का मोजतो?

कारण तिथे ख्यातीचेही खाते असते. पहिली जमा दुर्मिळतेची: मर्सिडीजच्या ३०० एसएलआर कूपे १९५५ साली दोनच बनल्या, त्यांतील एक २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली. दुसरी मालकाच्या नावाची: सचिन तेंडुलकरांना २००२ मध्ये भेट मिळालेली फेरारी २०११ मध्ये सुरतच्या व्यावसायिकाने घेतली. तिसरी, मूळ रूपाची. आपल्या सरकारचे २०२१ चे नियमही पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ मानताना चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल नसावा, असेच सांगतात.

जोयड्यात आमच्या गोठ्यालगत आजोबांची जीप उभी आहे. ती स्पोर्ट्‌स कार नव्हे. पण बाबा तिला दुसरे इंजिन बसवायला निघाले, तेव्हा मी हा हिशेब मांडला. आमच्याकडच्या पावसात गंज हाच खरा घसारा! बाबांनी इंजिनाचा विचार सोडून आधी गळके छप्पर शाकारून घेतले.