व्हिसाआधी चिप, तिकिटाआधी लस

भारतातून कुत्रे किंवा मांजर परदेशी न्यायचे असेल, तर बहुतेक देशांचा पहिला प्रश्न एकाच रोगाबद्दल असतो, तो म्हणजे रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात. त्यातला मोठा वाटा आशिया आणि आफ्रिकेचा आहे, आणि भारत त्या यादीत वरच्या रांगेत आहे. जपानने १९५७ नंतर हा रोग आपल्या प्राण्यांत पुन्हा शिरू दिलेला नाही. ब्रिटननेही कुत्र्यांमधला रेबीज विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातच संपवला. कष्टाने हद्दपार केलेला रोग विमानातून परत येऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळे नियम आहेत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीत घरचा कुत्रा दारातच गल्लीतल्या कुत्र्यांना भेटतो आणि मांजर पत्र्यांवरून चार घरे फिरून येते. त्यामुळे परदेशातल्या अधिकाऱ्याची शंका रास्तच म्हणावी लागते.

एके काळी ही शंका फार महाग पडायची. भारतातून ब्रिटनमध्ये नेलेल्या प्राण्याला सहा महिने सरकारमान्य विलगीकरण केंद्रात काढावे लागत, आणि मालकाला भेटीपुरतेच आत सोडत. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने युरोपीय संघाची पद्धत स्वीकारली. तेव्हापासून चिप, लस आणि रक्ततपासणी वेळेत झाली असेल तर हा काळ प्राण्याला स्वतःच्या घरी काढता येतो. वाट पाहणे मात्र टळलेले नाही. ते इथेच, निघण्याआधी उरकावे लागते, आणि बहुतेक कुटुंबांचे गणित नेमके इथे चुकते. प्रवेशपत्र किंवा नोकरीचे पत्र हाती आले, व्हिसा झाला, तिकीट काढले आणि मग कुत्र्याची चौकशी सुरू केली, तर तोवर उशीर झालेला असतो.

सगळ्याची सुरुवात मायक्रोचिपपासून होते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप जाड सुईने मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की पंधरा आकडी क्रमांक दिसतो, एवढेच तिचे काम. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची असावी लागते, नाही तर परदेशातल्या स्कॅनरला ती वाचता येत नाही. चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम कुठेही उलटा चालत नाही. एकाच दिवशी दोन्ही केले तरी चालते, पण चिप बसवण्याआधी टोचलेली लस युरोपच्या नियमात धरतच नाहीत. दहा वर्षे न चुकता लस घेतलेला कुत्रासुद्धा चिप नसेल तर कागदावर बिनलशीचा ठरतो. कारण सरळ आहे : लस याच प्राण्याला दिली, याला चिपच्या क्रमांकाशिवाय दुसरा पुरावा नसतो.

लशीच्या वेळी प्राणी किमान बारा आठवड्यांचा असावा लागतो. लशीच्या बाटलीवरचे स्टिकर पुस्तिकेत चिकटवून घ्यावे. त्यावर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी टोचल्याची तारीख, पुढच्या डोसची तारीख, पशुवैद्यकाची सही आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. नुसते ‘रेबीज दिली’ असे पेनाने लिहिलेले पान परदेशात उपयोगाचे नाही. आणखी एक बाब फार महत्त्वाची : पुढचा डोस आधीच्या लशीची मुदत संपण्यापूर्वी द्यायला हवा. एका दिवसाचा जरी खंड पडला, तरी ती लस पहिलीच समजतात आणि पुढची तपासणीही नव्याने करावी लागते.

रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या यादीत भारत नाही. त्यामुळे या देशांत जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी करून घ्यावी लागते. पुढच्या पायाच्या शिरेतून थोडे रक्त काढतात, ते साध्या नळीत गोठू देतात, मग यंत्रात फिरवून वरचे पिवळसर सिरम वेगळे करतात. हे सिरम बर्फाच्या पिशव्यांत ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचे. तिथे रेबीजचा मोजून घेतलेला विषाणू सिरममध्ये मिसळतात आणि मिश्रण जिवंत पेशींवर सोडतात. सिरममध्ये प्रतिपिंडे भरपूर असतील तर विषाणू निष्प्रभ होतो आणि पेशी वाचतात. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक निघाले, तर प्राणी पास.

सोलापूरकरांनी इथे उन्हाळ्याचा विचार करायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना नमुना कुरिअरच्या गाडीत तापला किंवा रक्तपेशी फुटून सिरम लाल झाले, तर प्रयोगशाळा तो नाकारू शकते. म्हणून रक्त सकाळी काढावे, सिरम त्याच दिवशी वेगळे करावे, आणि नमुना शनिवारी न पाठवता आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावा. नळीवरचा आणि अर्जावरचा चिप क्रमांक आकडा आकडा जुळवून पाहावा. प्रयोगशाळा निवडतानाही जपावे लागते. ज्या देशात जायचे त्या देशाच्या मान्य यादीत ती असली तरच तिचा अहवाल चालतो. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या पिल्लात एका डोसनंतर प्रतिपिंडे कधी कधी कमी भरतात. अशा वेळी महिनाभराने दुसरा डोस देऊन मगच रक्त काढणे शहाणपणाचे, कारण नापास झाल्यास पुन्हा लस, पुन्हा महिना आणि पुन्हा खर्च.

अहवाल चांगला आला तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. प्राण्याच्या शरीरात रोग आधीच दबा धरून बसलेला असेल, तर तो या काळात बाहेर पडावा, असा त्यामागचा विचार. बारा आठवडे, महिना आणि तीन महिने अशी बेरीज केली, तर भारतातून युरोपात जाणारे पिल्लू जवळपास सात महिन्यांच्या आत जाऊच शकत नाही. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. १ ऑक्टोबरला कुत्र्यासह पोहोचायचे, तर रक्त जूनअखेर निघायला हवे आणि लस मेअखेर टोचलेली हवी. प्रवेशाचे पत्र बहुधा त्यानंतर येते. म्हणून जाण्याचा नुसता विचार असला, तरी चिप आणि लस उरकून टाकावी. त्यात प्राण्याचे काहीच नुकसान नाही, आणि एकदा पास झालेली रक्ततपासणी, पुढचे डोस वेळेवर दिले तर, युरोपसाठी पुन्हा करावी लागत नाही.

आपल्याकडे नेहमी घडणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मुलगा आधी जातो, घर बघतो, आणि मग आईवडील कुत्र्याला पाठवतात किंवा घेऊन जातात. युरोप आणि ब्रिटनच्या नियमात हे बसत नाही. मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांत पाच दिवसांहून जास्त अंतर पडले, तर तो खासगी प्रवास न राहता व्यापारी आयात समजला जातो, आणि त्याचे नियम कितीतरी कडक आहेत. मुलाने पुन्हा येऊन सोबत नेणे हाच त्यातला सोपा मार्ग. ब्रिटनचे आणखी दोन नियम आहेत : विमानाने येणारा प्राणी प्रवाशासोबत केबिनमध्ये येऊ शकत नाही, तो माल म्हणून नोंदवूनच आणावा लागतो. आणि कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचे औषध पशुवैद्यकाने देऊन तशी नोंद करावी लागते. मांजराला हे औषध लागत नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप बसवलेला आणि आधी ऑनलाइन अर्ज भरलेला असावा लागतो. भारत त्यांच्या मते रेबीजच्या जास्त धोक्याचा देश. त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला लशीचा अर्ज लागतो, आणि मान्य केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळांवरच उतरावे लागते. रक्ततपासणीचा मान्य अहवाल नसेल तर २८ दिवस तिथल्या केंद्रात स्वखर्चाने. मांजरांवर केंद्र सरकारची अशी सक्ती नाही, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. जपान रेबीजच्या दोन लशी, रक्ततपासणी, त्यानंतर १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी सूचना मागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट प्राणी घेतच नाहीत. आधी त्यांना मान्य असलेल्या तिसऱ्या देशात काही महिने ठेवावे लागते. ते साध्य होण्यासारखे नसेल, तर प्राण्याला घरच्यांकडे ठेवून जाणे बरे.

जातीचाही प्रश्न येतो. जर्मनीत पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर आणायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये पिट बुल आणि एक्सएल बुली चालत नाहीत. पग, बुलडॉग किंवा पर्शियन मांजरासारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांना उष्णतेत आणि ताणात श्वास घेणे जड जाते, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना मालाच्या कप्प्यात घेत नाहीत. उलट आपल्या भागातला कारवानी किंवा गल्लीतून उचलून वाढवलेला देशी कुत्रा या प्रवासाला चांगला टिकतो. आरोग्याचे कागद वंशावळ विचारत नाहीत, त्यामुळे त्याचे कुठे अडत नाही.

निघण्याच्या अगदी आधीचा टप्पा केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण व प्रमाणन कार्यालयाचा, म्हणजे एक्यूसीएसचा. ही कार्यालये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. सोलापूरकराच्या मनात आधी मुंबईच येते, पण अंतराने हैदराबाद जवळचे आहे. विमान तिथूनच पकडायचे असेल तर तोही पर्याय विचारात घ्यावा. स्थानिक पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, लशीची पुस्तिका, रक्ततपासणीचा अहवाल, पासपोर्ट, तिकीट आणि परदेशी परवाना लागत असेल तर तो, असे सगळे घेऊन प्राण्यासह जावे लागते. अधिकारी चिप वाचतात, प्राणी तपासतात आणि निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र देतात. युरोपसाठीचे प्रमाणपत्र पोहोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांच्या आतले असावे लागते, म्हणून ही तारीख तिकिटाशी जुळवूनच ठरवावी. अंगावर गोचीड दिसली तर दाखला अडू शकतो. गोचिडांचा बंदोबस्त आठवडाभर आधीच करून ठेवावा.

पिंजऱ्यात प्राण्याला उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. त्याची सवय महिनाभर आधीपासून लावावी, दार उघडे ठेवून आत जेवण द्यावे. गुंगीचे औषध देऊ नये. उंचीवर ते रक्तदाब आणि श्वास बिघडवू शकते, आणि गुंगीतला प्राणी विमान कंपन्या सहसा नाकारतात. म्हातारा किंवा हृदयाचा आजार असलेला कुत्रा नेण्याचा हट्ट धरू नये, पशुवैद्यकाचे ऐकावे.

परतीलाही नियम आहेत. भारतात येताना एक्यूसीएसकडून आधी ना-हरकत पत्र घ्यावे लागते, लशीचे आणि आरोग्याचे कागद लागतात, आणि मुक्काम बदलून कायमचे परतणाऱ्या एका प्रवाशाला जास्तीत जास्त दोन प्राणी आणता येतात. म्हणून परदेशात असतानाही बूस्टरची तारीख चुकवू नये आणि इथली जुनी पुस्तिका टाकून देऊ नये.