स्त्रियांचा एक विकार आणि आरोग्य विमा

मासिक पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर राठ केस उगवणे, वजन वाढत जाणे या तक्रारींमागे पुष्कळदा पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) हा संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार असतो. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. नावात बीजांडकोश असला, तरी हा विकार तेवढ्यापुरता नाही. पुढे मधुमेह, वंध्यत्व व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा धोका त्यामुळे वाढतो. प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीस तो असतो, आणि बहुसंख्य जणींना त्याची कल्पनाही नसते.

या विकारावरील उपचारांना विम्याचे संरक्षण सक्तीने मिळावे, ही मागणी रास्त आहे. मात्र पॉलिसीत विकाराचे नाव घातल्याने फारसे साधणार नाही. आपला आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयातील खाटेपासून सुरू होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भरही आंतररुग्ण उपचारांवरच आहे. पीसीओएसच्या रुग्णास मात्र खाट क्वचितच लागते. तिचा खर्च होतो तो रक्ततपासणी, सोनोग्राफी, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या वारंवार सल्ल्यावर.

दुसरी अडचण प्रतीक्षाकालाची. विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो; त्यामुळे मुलगी मिळवती होऊन पॉलिसी घेते, तेव्हा तो 'पूर्वीपासूनचा आजार' ठरू शकतो. अशा आजारांसाठीची कमाल प्रतीक्षा २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आली, हे खरे. परंतु वंध्यत्वावरील उपचार अनेक पॉलिसींत वगळलेलेच असतात.

कायद्याने अशी सक्ती करणे अशक्य नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ ने मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. बाह्यरुग्ण सेवेचा दाखला तर त्याहून जुना आहे : १९४८ च्या अधिनियमाने उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना दवाखान्यातील तपासणी व औषधेही देते. विमा हा केंद्राच्या सूचीतील विषय असल्याने खाजगी विम्याबाबतचा निर्णय संसद किंवा विमा नियामक प्राधिकरण यांनीच घ्यावयाचा आहे. स्वतःच्या योजनेत बाह्यरुग्ण तपासण्यांचा समावेश करणे मात्र राज्याच्या हाती आहे.

तोपर्यंत पाळीच्या तक्रारी असलेल्या मुलींना शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकची वाट दाखवावी. तेथील सल्ल्यासाठी विम्याची गरज नाही.