छातीतील दोन दुखणी : दमा आणि हृदयविकार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'दम लागणे' हा एकच शब्दप्रयोग आपण किती तरी दुखण्यांसाठी वापरतो. जिना चढताना दम लागला, शेतातून येताना दम लागला, रात्री झोपेत दम लागला. आणि वडीलधारी माणसे म्हणतात, 'वय झालं, व्हायचंच!' वास्तविक पाहता हा दम फुफ्फुसाचा की हृदयाचा, हे ठरविणे फार महत्त्वाचे असते. ज्याला दोन्ही विकार आहेत त्याची अवस्था तर 'दुष्काळात तेरावा महिना' अशी होते. प्रस्तुत लेखात या जोडदुखण्याचाच विचार करावयाचा आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. परंतु आमच्या घरात इंग्रजी अक्षर वाचणारा मीच पहिला. त्यामुळे आजीच्या गोळ्यांच्या पाकिटांवरील नावे वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि हा विषय समजून घेणे भाग पडले.

दमा आपल्याला नवा नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील 'तमकश्वास' म्हणजेच दमा, असे मानतात. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. हृदयविकाराची धाप निराळी. हृदयाचा पंप अशक्त झाला की रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसात पाणी साचू लागते. उताणे झोपल्यावर धाप वाढणे, पायांवर सूज येणे ही त्याची लक्षणे. मात्र दोन्ही दुखणी रात्री बळावतात आणि दोहोंत खोकलाही येतो. म्हणून नुसत्या अंदाजावर न जाता ई.सी.जी., इको आणि नळीत फुंकून करावयाची स्पायरोमेट्री या तपासण्या कराव्या लागतात.

खरी अडचण पुढे, औषधांत आहे. आपल्या शरीरातील ॲड्रेनॅलिन हे द्रव्य हृदयाची गती वाढविते आणि श्वासनलिका रुंद करते. जणू एकाच किल्लीने दोन कुलपे उघडतात. दम्याचे सालब्युटामॉल मुख्यतः श्वासनलिकेचे कुलूप उघडते. पण थोडा परिणाम हृदयावर होऊन धडधड वाढते, हात थरथरतात. उलट हृदयाला विश्रांती देणारी 'बीटा ब्लॉकर' औषधे ही कुलपे बंद करतात. यांतले प्रोप्रॅनोलॉल सर जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात शोधले. 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असंख्य हृदयरोग्यांना या औषधाने आधार दिला. परंतु ते दोन्ही कुलपे बंद करीत असल्यामुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात. एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष! पुढे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशी मुख्यतः हृदयावर काम करणारी औषधे आली. तीही दमेकऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून घरचे उदाहरण देतो. आजीला दमा आहे आणि हृदयाचाही त्रास आहे. एकदा हात थरथरतात म्हणून एका ठिकाणाहून तिला नवी गोळी मिळाली. दम्याविषयी तिला कोणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. त्या रात्री ती उशाला टेकून बसूनच राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी पाकीट पाहिले. ते प्रोप्रॅनोलॉल होते. आजीचे म्हणणे साधे होते, "आरं लेकरा, छाती एकच, मग डाक्टर दोन कशाला?" तिच्या प्रश्नातच उत्तर आहे. डॉक्टर दोन असले तरी दोघांना दोन्ही दुखणी ठाऊक हवीत.

आणखीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हृदयासाठी दिलेल्या ॲस्पिरिनने काही दमेकऱ्यांना झटका येतो. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो आणि 'दमा वाढला' असा गैरसमज होतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच आहेत. मात्र भीतीपोटी हृदयाची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे तितकेच धोक्याचे!

'पंपाची सवय लागते' हा समज खेडोपाडी खोलवर रुजला आहे. हिशेब पाहा : सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, तर 4 मिलिग्रॅमच्या गोळीत 4,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस पट. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडे पुरते आणि हृदयावर भार कमी पडतो. सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप मात्र बरे वाटत असतानाही नियमित घ्यावा आणि नंतर चूळ भरावी.

आपल्या परभणी जिल्ह्यात दम्याला निमित्तांची वाण नाही. सोयाबीनच्या मळणीची धूळ, जिनिंगमधील कापसाचे तंतू, चुलीचा धूर, बांधावरचे गाजरगवत, सारे छातीला बाधतात. मळणीच्या वेळी रुग्णाने दूर राहावे, निदान नाकातोंडाला ओले फडके बांधावे. उन्हाळ्यात लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरोग्याने किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. मृग लागला की हैदराबादला बत्तिनी कुटुंबाकडील माशाच्या औषधासाठी जाण्याची रीत आहे. श्रद्धेचा उपहास करू नये; पण त्या औषधाचा गुण शास्त्राने सिद्ध झालेला नाही आणि त्याच्या भरवशावर पंप सोडणे जिवावर बेतू शकते. 'दम्याची पुडी' घेणाऱ्यांनीही सावध असावे. अशा पुड्यांत छुपे स्टेरॉइड सापडले आहे. त्याने अंगात पाणी साठते, रक्तदाब व साखर वाढते आणि हृदयाचे दुखणे आगीतून फुफाट्यात जाते.

छातीत दाटून येऊन कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलवेना, तर वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपणच पहिले शिकलेले आहोत. या सुट्टीत घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या पिशवीतील सर्व पाकिटे बाहेर काढा. एका कोऱ्या कागदावर ठळक मराठीत त्यांची दुखणी, औषधांची नावे, वेळा आणि कशाने त्रास झाला होता ते लिहा. तो कागद पिशवीतच ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे, प्रत्येक औषधाच्या दुकानात तो आधी दाखवा. आपल्या शिक्षणाचा घराला होणारा हा पहिला उपयोग लहान नाही.