बाघिनीच्या काठचा समुद्र

धार-देवासकडील आपल्या घरांतून बाघ हे गाव दोनच गोष्टींमुळे ठाऊक असते : ठशांच्या छपाईच्या चादरी आणि लेणी. तीस वर्षांच्या नोकरीत आम्हीही मुलांना याहून अधिक काही सांगितले नव्हते. गेल्या माघात आमच्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांसह त्या खोऱ्यातून दिवसभर पायी हिंडलो, तेव्हा किती सांगायचे राहून गेले ते ध्यानी आले.

पहाटे गावातून निघालो. बाघिनी नदीच्या कडेने लेणी सुमारे सात किलोमीटर. ती वालुकाश्मात कोरलेली. नवांपैकी पाच उरली आहेत. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९२१ साली नंदलाल बोस यांच्यासारख्या चित्रकारांकडून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे, आपलेच मराठी गृहस्थ. लेण्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून पुढे चलावे.

ओढ्याने वर चढू लागलो आणि दगडच बदलला. तांबूस वालुकाश्म मागे पडून पांढुरका, खडबडीत चुनखडक लागला. घळ अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंच्या भिंतींत शिंपल्यांचे तुकडे असे रुतले होते की, बोट फिरवताच कडा हाताला लागत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. हा त्याचाच तळ. समुद्र हटल्यावर पुढे कित्येक युगांनी याच भागात प्रचंड डायनोसोर अंडी घालीत. बाघ-कुक्षी परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचे संशोधन २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. त्यानंतर लाव्हारस पसरला. ज्या काळ्या पाषाणावर आपले सह्याद्रीचे गड उभे आहेत, त्याच जातीचा पाषाण येथे डोंगरमाथ्यांवर बसला आहे.

दुपार कलता कलता शेताच्या बांधाखाली नारळाएवढा एक गोल, सुटा दगड आम्हांस दिसला. तो अंडेच असेल असे छातीठोकपणे कोण सांगणार? पण पुढील वर्षी आमची निवृत्ती. शाळेच्या कपाटात आपल्या हातचे काही असावे, हा मोह आवरेना. दगड पिशवीत गेला. विज्ञानशिक्षक गप्प राहिले. मुख्याध्यापकास अडविणार कसे?

कोसभर गेल्यावर शेळ्या वळणारे एक वृद्ध भिल्ल भेटले. जड पिशवीकडे पाहून त्यांनी विचारले, आम्ही दाखविले.

“माट्साब, हा शेताचा राखणदार. तुम्ही नेलात तर शेत कोण राखील?”

पाडल्यासारख्या गावी असे दगड काकड भैरव म्हणून पुजले जात आणि ती डायनोसोरची अंडी असल्याचे पुढे तज्ज्ञांनी ओळखले, हे आम्ही वाचले होते. तरी आम्ही विज्ञानाचा आधार शोधू लागलो. तेव्हा कोठे विज्ञानशिक्षकांनी तोंड उघडले : “सर, जागेवरून हलविले की ते कोणत्या घरट्यातले, शेजारी किती होती, काहीच कळत नाही. बाबांचेच खरे आहे.”

परत फिरलो. शेवटची बस गेली. बांधापाशी पोहोचलो तो अंधार पडला होता आणि नेमकी जागा आम्हांस सापडेना. बाबांनी विजेरीच्या उजेडात मातीतली ओली खळगी शोधली, दगड आमच्या हातून घेतला, एकदा फिरवून पाहिला आणि सपाट बाजू खाली करून तिच्यात ठेवला.