शिकंजे किती घ्यावेत?

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम म्हणजे बहुधा बाल्कनीत. तिथे पहिला खर्च यंत्रावर नको, शिकंज्यांवर, म्हणजे क्लॅम्पवर करा.

फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदातलं पाणी लाकडात शिरतं, थोडं हवेत उडतं, आणि गोंद घट्ट होतो. थर पातळ, सलग राहावा म्हणून दाब हवा. सागासारख्या लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ किलो. ६० सेंमी लांब, २ सेंमी जाड फळीची कड म्हणजे १२० चौरस सेंमी. हिशेब १,४४० किलोंवर जातो! घाबरू नका. शिकंज्याची मूठ एक फेरा फिरली की स्क्रू जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, त्यामुळे हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो. घर्षणात बराच वाया जाऊनही दणकट शिकंजा शेकडो किलोंचा दाब देतो. तीन-चार पुरतात.

दाब लाकडात साधारण ४५ अंशांत पसरतो. म्हणून अरुंद पट्ट्यांना शिकंजे जास्त लागतात, रुंद फळ्यांना कमी. शिकंजा आणि फळीच्या मध्ये जाड लाकडी पट्टी ठेवली तर आणखी बरं.

सुरुवातीला चार एफ क्लॅम्प आणि दोन लांब सॅश क्लॅम्प घ्या. जी क्लॅम्प मजबूत, पण लावायला वेळखाऊ. सॅश एक वरून, एक खालून लावावा, नाहीतर फळी वाकते.

ठाण्या-कल्याणच्या पावसाळी दमट हवेत गोंद सावकाश सुकतो. शिकंजे रात्रभर राहू द्या. ओला गोंद, लोखंड आणि सागातलं टॅनिन भेटलं की काळा डाग पडतो. मध्ये मेणकागद घाला. बजेट संपलं असेल तर दोन पट्ट्या आणि पाचरी ठोकूनही दाब मिळतो.